बेव्हच्या पार्लरचे तीन रोल

मंगळवार, ८ जानेवारी

फोटोग्राफीच्या मिस रिग्बीचं बाळ सहा आठवडे आधीच आलं. मायलेकी सुखरूप आहेत. मी नाही.

सकाळी हेडबाईंनी, म्हणजे मिसेस थ्रेलफॉलनी, केबिनमध्ये बोलावून बिस्किटांचा डबा पुढे केला. या बाईंनी आजवर मला कधी बिस्किट दिलेलं नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“रॉलिन्सन, तुम्ही केमिस्ट्रीचे. फोटो कशाने निघतात? केमिकलने.”

“हल्ली मोबाइलने निघतात, बाई.”

“मिस रिग्बी मुलांना फिल्मच्या रोलवर काढायला लावायची. ए-लेव्हलच्या, म्हणजे शाळेच्या, शेवटच्या वर्षाची सात मुलं आहेत. बदली शिक्षक मिळत नाही. जूनपर्यंत सांभाळा. सातच मुलं म्हणून विषय बंद करायला वरचे लोक टपून बसलेत. यंदा निकाल घसरला की फोटोग्राफीला टाळं.”

मी दुसरं बिस्किट घेतलं. त्याचा अर्थ त्यांनी ‘हो’ असा लावला.

एकतीस वर्षं प्रयोगवही लिहितोय. तारीख, कृती, निरीक्षण. या उद्योगाचीही तशीच नोंद ठेवावी म्हणून ही वही.

गुरुवार, १० जानेवारी

पहिला तास. सिल्व्हर ब्रोमाइडवर प्रकाश पडला की नेमकं काय घडतं, ते पन्नास मिनिटं फळ्यावर समजावलं. मला स्वतःला तास फार आवडला. मागच्या बाकावर कॉर्बिन नावाचा लांबलचक मुलगा झोपला होता आणि बाकीचे त्याच्याकडे हेव्याने बघत होते.

शेवटी टिल्डा ग्रिमशॉने हात वर केला. सतरा वर्षांची, केस हिरवे, जीभ धारदार.

“सर, हे सगळं खरं असेल. पण माझा फोटो चांगला की वाईट, ते कोण सांगणार?”

तिने एक फोटो माझ्यापुढे ठेवला. मी नीट निरखला.

“बाक आहे. बाकावर समुद्रपक्षी आहे. फोकस ठीक आहे.”

“बाक मलाही दिसला होता, सर.”

सगळे हसले. कॉर्बिनसुद्धा जागा झाला.

सोमवार, १४ जानेवारी

चित्रकलेच्या वर्गामागची डार्करूम उघडली. आत नाताळच्या नाटकाचं सामान कोंबलेलं: देवदूतांचे पंख, उंटाची तीन मुंडकी. तिथल्या मदतनीस नोरीन शार्पल्स यांनी ते सगळं उपसायला मदत केली. बाई कामाला वाघ आहेत. दोन तासांत खोली लख्ख.

मग टिल्डाने एक प्रिंट करून दाखवला. लाल दिव्याखाली पांढरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला. आधी काहीच नाही. मग एक कात्री, मग ती धरणारी बोटं, मग मनगट. ते हात तिच्या आईचे. लॉर्ड स्ट्रीटजवळ ‘बेव्हचं पार्लर’ आहे ना, ते त्यांचं.

ही अभिक्रिया मी एकतीस वर्षं शिकवतोय. घडताना आज पहिल्यांदा पाहिली. मी “अरेच्चा!” म्हणून ओरडलो म्हणे. मला आठवत नाही, पण सातही मुलांनी दिवसभर नक्कल केली, तेव्हा खरंच असणार.

दुपारी नोरीनबाईंनी केक आणून दिला. घरी उरला होता म्हणाल्या. केकला सुरी लागलेली नव्हती. एकटं माणूस एवढा केक करतंच कशाला, कळत नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

आज वर्गात कबूल करून टाकलं, “मुलांनो, चांगला फोटो कोणता ते मला कळत नाही. रसायनं, तापमान, वेळ, हे माझ्याकडे. बघायचं कसं, ते तुम्ही मला शिकवा.”

मला वाटलं, गेली आपली अब्रू. मग कॉर्बिन म्हणाला, “मग सरांना गृहपाठ द्यायला पाहिजे.”

दिला. छत्तीस फोटो, आठवड्याच्या आत.

गुरुवार, ३१ जानेवारी

माझे छत्तीस फोटो भिंतीवर लावून मुलांनी माझी सालटी काढली.

“सर, हा किटलीचा पासपोर्ट फोटो आहे का?”

“सर, दीपगृह इतकं बरोब्बर मध्ये कसं आलं? पट्टीने मोजलं?”

मोजलं होतं.

टिल्डाने मात्र एका फोटोवर बोट ठेवलं. डार्करूमच्या दारात नोरीनबाई टेकून उभ्या आहेत, हातात उंटाचं मुंडकं, आणि कशालातरी हसताहेत. “हा बरा आहे. हा काढताना तुम्ही मोजमाप विसरलात.”

फोटो जरा हललेला आहे. बाकी पस्तीस हललेले नाहीत. तरी हाच बरा म्हणे. अवघड विषय आहे.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

परीक्षेचे विषय आले. मे महिन्यात तीन दिवस, एकूण पंधरा तास शाळेत बसून अंतिम प्रिंट करायचे, तोवर तयारी. टिल्डाने ‘निरोप’ घेतला. तिच्या आईचं पार्लर बंद होतंय, जागामालकाने जागा विकली. सोळा मार्चला शेवटचा शनिवार. त्या दिवशी सगळी जुनी गिऱ्हाइकं येणार, शेवटचे केस सेट करून घ्यायला. टिल्डा तो दिवस टिपणार.

“आईला कसं वाटतंय?” मी विचारलं.

“आई म्हणते, बरं झालं, पायांना आराम.” ती कॅमेऱ्याची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

रविवार, १७ मार्च

काल मी पार्लरसमोरून गेलो. काचेवर वाफ, आत बायकांची ही गर्दी. सगळ्यांच्या डोक्यात रोलर, कुणीतरी गात होतं, आणि टिल्डा खुर्चीवर उभी राहून फोटो काढत होती. तीन रोल झाले म्हणे. संध्याकाळी सात वाजता बेव्हने पाटी उलटी केली.

मंगळवार, १९ मार्च

हे लिहायलाच हवं. निरीक्षण प्रामाणिक असावं, असं मुलांना सांगत आलोय.

टिल्डाची आज दुपारी इंग्रजीची चाचणी होती. रोल धुऊन होईपर्यंत तिला धीर निघेना. मीच म्हणालो, “ठेव माझ्याकडे. रसायनांत माझा हात कोण धरणार?” नेमके हेच शब्द.

पहिलं रसायन डेव्हलपर: ते चित्र उमटवतं. नंतर हायपो: तो न वापरलेली चांदी काढून टाकतो आणि चित्र टिकतं. आधीच हायपो ओतला तर सगळीच चांदी निघून जाते आणि हाती कोरी फीत राहते. हे शाळेतल्या कुणालाही मी झोपेतसुद्धा सांगू शकेन.

दोन्ही बाटल्यांना मीच सुवाच्य अक्षरात रासायनिक सूत्रांची लेबलं लावली होती. नोरीनबाई शेजारी उभ्या राहून बोलत होत्या, त्यांच्या लहानपणी नदीत अडकलेल्या बोटीची काहीतरी गोष्ट. मी ऐकत होतो. खरं तर गोष्टही नीट ऐकली नाही. त्या बोलतात तेव्हा त्यांच्या भुवया फार हलतात. आणि मी हायपो ओतला. तिन्ही रोल एकाच मोठ्या डब्यात होते.

फिती बाहेर काढल्या. काचेसारख्या स्वच्छ. पलीकडच्या वर्गाची खिडकी आरपार दिसत होती.

हेडबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “तांत्रिक बिघाड म्हणा. मुलं अशाने कोसळतात, आणि परीक्षा तोंडावर आहे.”

“बिघाड माझ्यात झाला, बाई.”

साडेतीनला टिल्डा धावत आली. मी फिती तिच्या हातात दिल्या आणि झालं ते सांगितलं. माझं चुकलं, म्हणालो. तिने एक फीत उजेडाकडे धरली, दुसरी धरली, तिसरीही धरली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “सर, तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना?”

आणि गेली.

बुधवार, २० मार्च

टिल्डा शाळेत आली नाही. कॉर्बिन म्हणतो, फोटोग्राफी सोडणार आहे.

शाळा सुटल्यावर पार्लरकडे गेलो. आत खोकी भरलेली, भिंतीवर आरशांच्या जागी फिक्के चौकोन. बेव्ह ग्रिमशॉ, ठेंगणी, दंड पैलवानासारखे, स्टूलवर चढून दिवा काढत होती. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि सगळं पुन्हा सांगितलं.

“बस्स? तुमचा चेहरा बघून मला वाटलं, कुणीतरी गेलं.” ती खाली उतरली. मग शेवटच्या उरलेल्या खुर्चीत बसली. “तीस वर्षं या बायका येत होत्या, सर. कुणी कधी त्यांचे फोटो काढले नाहीत. नवरे काढत नाहीत, नातवंडं आपलेच काढतात. म्हटलं, चला, एकदा तरी…”

तिने डोळे पुसले आणि एकदम उठली. “बसा इथे.”

“मी?”

“या डोक्याने तुम्ही मुलांसमोर उभे राहता? कोण कापतं तुमचे केस?”

“मीच.”

“दिसतंय. बसा. गुन्हेगाराला असंच सोडत नाही मी.”

कात्री चालू असताना फोन वाजला. पलीकडच्या बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. नदीपलीकडच्या नॉट एंड गावच्या मिसेस एंट्विसल, वय अठ्ठ्याऐंशी. कंबर धरल्यामुळे शनिवारी येऊ शकल्या नव्हत्या. “आता माझे केस कोण करणार, बेव्ह? मी काय अशीच मरू?”

“मरू नका, शनिवारी येते मी,” बेव्ह म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, “आले बघा शब्द तोंडातून. तो माणसाएवढा डोक्यावरचा ड्रायर नेणार कशात? माझ्याकडे गाडी नाही.”

“माझ्याकडे आहे,” मी म्हणालो.

तेवढ्यात आतल्या दारात टिल्डा दिसली. कधीपासून उभी होती, कोण जाणे. माझ्याकडे बघितलं नाही.

“आई, मी येणार नाही.”

“मी विचारलंच नाही. कॅमेरा घेऊन ये.”

शनिवार, २३ मार्च

ड्रायर माझ्या गाडीत आडवा मावत नाही. उभा तर नाहीच. बेव्हच्या घरापासून धक्क्यापर्यंत तो त्याच्याच चाकांवर ढकलत नेला आणि नॉट एंडच्या होडीत चढवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नोरीनबाई. त्यांना आज नॉट एंडला कुणाला तरी भेटायचं होतं म्हणून त्या आमच्याबरोबर आल्या. दिवसभर आमच्याचबरोबर होत्या. भेटायचं बहुधा राहून गेलं.

नावाड्याने ड्रायरकडे पाहिलं. “या बाईंचं तिकीट?”

“म्हातारी आहे, फुकट सोड,” बेव्ह म्हणाली.

वारा असा सुटला होता की ड्रायरचं टोपडं आपोआप खालीवर होत होतं आणि एक कुत्रा त्याच्यावर सारखा भुंकत होता. बेव्ह ड्रायरला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती. एकदम खटका ऐकू आला. टिल्डाने कॅमेरा उचलला होता.

मिसेस एंट्विसलनी दार उघडलं ते डोक्याला रुमाल बांधूनच. “फोटो? आधी केस, मग फोटो. अशा अवतारात मी डॉक्टरलाही तोंड दाखवत नाही.”

पण टिल्डाने ऐकलं नाही. स्वयंपाकघरातल्या बेसिनवर म्हातारी वाकलेली, मानेवर साबणाचा फेस, बेव्हचा एक हात तिच्या कपाळाखाली, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. टिल्डा जमिनीवर बसून काढत होती.

“अगं, ओले आहेत ते!”

“ओलेच हवेत, आजी.”

“हिरव्या केसांच्या पोरीकडून मी काय ऐकून घेते!” पण हसली.

ड्रायर लावल्याबरोबर घरातली वीज गेली. फ्यूज मी बदलला. अखेर माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला. नोरीनबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्याही वाजवल्या, त्यामुळे टॉर्च पडला.

परतीच्या होडीत टिल्डा माझ्याशेजारी येऊन बसली.

“सर, हा रोल मी धुणार. तुम्ही दाराबाहेर.”

“बरोबर आहे.”

किनारा आल्यावर म्हणाली, “घड्याळ धरायला आत चालाल.”

शनिवार, २० एप्रिल

ईस्टरच्या सुट्टीत मिळून अकरा घरं झाली. बातमी पसरली आहे. बेव्हच्या डायरीत जूनपर्यंत जागा नाही. तिच्या पायांना आराम काही मिळालेला नाही आणि त्याबद्दल तिची तक्रारही नाही. काल एक बाई रोलर लावूनच बागेत वाटाणे पेरायला गेल्या. टिल्डा त्यांच्यामागे चिखलात.

कॉर्बिन मदतीला येतो. ड्रायरला त्याने ‘डोरिस’ नाव ठेवलं आहे. या आठवड्यात तो एकदाही झोपला नाही.

हेडबाईंनी मात्र शंका काढली. “विषय ‘निरोप’ आहे, रॉलिन्सन. हे तर उलटंच झालं. कुणी कुठे गेलेलं दिसत नाही.”

गेले तीन दिवस तीच काळजी आहे. माझ्या हायपोमुळे तिला विषयाबाहेरचं करावं लागलं आणि त्याचे मार्क गेले, तर?

गुरुवार, ९ मे

पंधरा तास संपले. तीन दिवस सात मुलं त्या कोंदट खोलीत आत-बाहेर करत होती. नियमाप्रमाणे मी काही सुचवू शकत नव्हतो. रसायनं गरम ठेवली आणि गप्प बसलो.

टिल्डाने शेवटच्या तासाला वही माझ्याकडे दिली. पहिल्या पानावर त्या तीन कोऱ्या फितींचे तुकडे चिकटवलेले. खाली लिहिलंय: ‘शनिवार, १६ मार्च. फोटो: टिल्डा ग्रिमशॉ. डेव्हलपिंग: सर.’

पान उलटलं. ‘निरोपाचे फोटो मी काढले होते. ते राहिले नाहीत. नंतर आईबरोबर घरोघरी गेले, तेव्हा दिसलं की त्या शनिवारी बायका रडल्या, गायल्या, मिठ्या मारल्या, पण निरोप कुणी घेतलाच नव्हता. मी काढलेले पहिले फोटो बहुधा खोटे ठरले असते. तरी ते गेले याचं मला अजून वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे.’

मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसायला बाहेर गेलो. डार्करूममध्ये दमटपणा फार.

बुधवार, १२ जून

आज परीक्षा मंडळाच्या बाई मार्क तपासायला आल्या. उंच, करड्या केसांच्या, चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. सगळं काम चित्रकलेच्या वर्गात भिंतींवर मांडलेलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, असा नियम. मी आणि हेडबाई दाराच्या काचेतून आळीपाळीने बघत होतो.

टिल्डाच्या भिंतीपाशी त्या थांबल्या. वही उघडली, कोरी फीत उजेडाकडे धरली. मग खालची ओळ वाचली आणि हसल्या. मोठ्याने, एकट्याच, रिकाम्या वर्गात. मिसेस एंट्विसलच्या मानेवरच्या फेसाच्या फोटोपुढे मात्र हसू गेलं. तिथे किती वेळ उभ्या होत्या सांगता येत नाही. मी मोजायचं विसरलो. जाताना त्यांचा हात सहज स्वतःच्या मानेकडे गेला.

मिस रिग्बीने घरूनच काम तपासून दिलेल्या मार्कांत काही बदल नाही, एवढाच निरोप ऑफिसात ठेवून त्या गेल्या. तिने टिल्डाला जवळजवळ पूर्ण मार्क दिले होते. हेडबाईंनी कॉरिडॉरमध्ये माझा हात हातात घेऊन हलवला. पुढच्या वर्षासाठी चौदा मुलांनी फोटोग्राफीला नाव दिलंय म्हणाल्या. विषय राहिला.

संध्याकाळी पालकांसाठी प्रदर्शन उघडलं. सहाला दारात बारा बायका, सगळ्यांचे केस ताजे सेट केलेले. खोलीभर स्प्रेचा वास. मिसेस एंट्विसलना व्हीलचेअरवरून त्यांच्या फोटोसमोर नेलं.

“शी! ही कोण भिजलेली कोंबडी?” त्या म्हणाल्या. मग पुन्हा निरखून पाहिलं. “बेव्ह, असं धरतेस होय तू माझं डोकं?”

बेव्हने त्यांच्या खांद्यावरचा नसलेला केस झटकला.

शुक्रवार, १४ जून

मिस रिग्बी बाळाला घेऊन आली होती. सप्टेंबरपासून वर्ग पुन्हा तिचा. अगदी योग्य आहे. तरी दुपारभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

जाताना टिल्डाने एक पाकीट दिलं. “हा भिंतीवर लावला नव्हता, सर.”

नॉट एंडचं स्वयंपाकघर. फ्यूजचा डबा उघडा, खाली पडलेला टॉर्च, नोरीनबाई तोंडावर हात ठेवून हसताहेत. आणि मी स्टूलवर उभा.

“मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये,” मी म्हणालो.

“नाही, सर. नाही बघत.” तिने एक सुस्कारा सोडला. “हा त्यांना नेऊन दाखवा. आत्ता. मी इथे उभी आहे, तुम्ही जाईपर्यंत.”

गेलो. नोरीनबाई ब्रश धूत होत्या. हात पुसून त्यांनी फोटो घेतला आणि इतका वेळ पाहिला की मी कपाटावरच्या रंगांच्या बाटल्या वाचून काढल्या. मग मी काय बोललो ते क्रमाने आठवत नाही. लिथम गावात एक चहाचं बरं दुकान आहे, उद्या हवा चांगली राहील असं रेडिओवर सांगितलंय, आणि एकट्याला पूर्ण किटली संपत नाही, असं काहीतरी.

“देवा रे,” त्या म्हणाल्या, “मला वाटलं, आता लेखी अर्ज करावा लागतोय.”

कसला अर्ज, ते विचारायचं राहिलं. त्या हसत होत्या, मग मीही हसलो.

उद्या अडीचला आम्हा दोघांची लिथमची बस. दाढी सकाळी करावी की जेवण झाल्यावर, ठरत नाहीये.